बिनआवाजाचं विमान

स्क्रू-ड्रायव्हरचं पातं चालू मोटरच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. चाचांची ही तऱ्हा आमच्या उद्यमनगरात सगळ्यांना पाठ होती. डॉक्टर नळी लावून छाती तपासतात, तसंच ते दिसे. गिऱ्हाईक तोंडाकडे बघत ताटकळत राही. मग चाचा डोळे उघडत आणि एका शब्दात निकाल देत, "ओरडतीया." म्हणजे बेअरिंग गेलं. क्वचित एखादी मोटर मनासारखी जमली की तिच्यावर नुसता तळवा ठेवत आणि म्हणत, "मोटर चालू हाय का बंद, ह्ये हात लावल्याबिगर कळता कामा न्हाय."

चाचांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हा त्यांचा धंदा. माझं लेथचं शेड त्यांच्या दुकानाला लागून होतं, मधली भिंत एकच. आता तुम्ही कधी त्या काळच्या उद्यमनगरातून गेला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला ऑईल इंजिनं, समोर पत्रा ठोकणारा. घरी गेल्यावरसुद्धा आम्ही ओरडूनच बोलायचो. अशा ठिकाणी बसून हा माणूस आयुष्यभर शांततेची हौस करत होता. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

या हौसेतूनच विमान आलं. लढाईच्या काळात चाचा अगदी तरणे असताना कुठल्याशा विमानतळावर डायनॅमो दुरुस्तीला होते. एकदा दुपारी डबा खात बसले असताना अंगावरून सावली सरकली, म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर डोक्यावरून विमान चाललेलं. इंजिन बंद पडलं होतं की पायलटने मुद्दाम बंद केलं होतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण एवढी मोठी वस्तू जराही आवाज न करता डोक्यावरून गेली, हे त्यांच्या मनातून जाईना. तसलं एक विमान आपण करायचं, बसता येण्यासारखं नव्हे, पण चांगलं ऐसपैस, विजेच्या मोटरवर चालणारं, आणि ते वर गेलेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं. एवढं एकच खूळ या माणसाला होतं. बाकी व्यसन म्हणाल तर चहा.

आमच्या गल्लीत बापू नावाचा इंजिन फिटर होता. इंजिन ही जिवंत वस्तू आणि मोटर ही मेलेली, असं त्याचं ठाम मत. शेतकरी पाठीवर घेऊन औषध मारतात त्या फवारणी पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन त्याने विमानासाठी आणून दाखवलं. वजनाला हलकं आणि जोर असा की पुढे विमानाचा पंखा बसवून चालू केलं तर टेबलासकट सरकायचं. चाचांनी ते ऐकलं, कानावर हात ठेवले आणि म्हणाले, "बापू, लाह्या फुटल्यावानी वाजतंय. ह्येला विमान म्हणायचं का भट्टी?"

तेव्हापासून चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडले. वीजवाले आणि पेट्रोलवाले. कामधंदा सोडून माणसं तावातावाने भांडायची. लाईट गेली की पेट्रोलवाले खूश व्हायचे, जसं काही चाचांचं विमान त्या क्षणी वरून खाली पडलं.

वीजवाल्यांची अडचण अशी होती की मोटर चालवायला बॅटरी लागते आणि बॅटरी जड असते. स्कूटरची बॅटरी उचलायची तर पंख मोठे हवेत. पंख मोठे केले की मोटर पुरेना. मोठी मोटर बसवली की बॅटरी पुरेना. असं करता करता विमान वाढत चाललं. पहिलं दुकानातल्या बाकावर मावायचं. शेवटच्याच्या पंखांवर एक माणूस हातपाय पसरून झोपला असता, आणि ते बाहेर काढायला दाराची चौकट उतरवावी लागली. बांबूच्या कामट्या, वर चाचीच्या जुन्या मलमलीचं कापड, त्याला खळ. सगळं देखणं, पण जमीन काही सोडेना.

मग चाचांनी बॅटरी जमिनीवरच ठेवायचं ठरवलं. शेडमागे खुंटा रोवला, खुंट्यापासून विमानापर्यंत तार नेली आणि तारेतून वीज सोडली. विमान चाकांवर खुंट्याभोवती घाण्याच्या बैलासारखं गोल गोल धावू लागलं. बारीक तार लावली तर तापायची, जाड लावली तर तिचंच ओझं व्हायचं. चाचा घामाघूम होऊन बघत होते. बापू भिंतीवर बसून म्हणाला, "चाचा, तेल किती निघालं?" सगळे हसलो. चाचाही हसले, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला.

याच सुमारास त्यांच्या हातून ग्लास पडायला लागले. टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि कड तिथे नसायची. तार भरताना मान वाकवायचे बंद झाले. बोटांनीच वेढे मोजायचे आणि विचारलं तर म्हणायचे, सवयीचं काम हाय, बघायचं काय त्यात. शेवटी चाचीने त्यांना मिरजेला नेलं. काचबिंदू निघाला. गेली तेवढी नजर परत येणार नाही आणि उरलेली कडेकडेने आत सरकत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चाची कधी दुकानात न येणारी बाई. त्या आठवड्यात माझ्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. लेथ बंद केल्याशिवाय बोलेना. मग म्हणाली, "त्यास्नी सांगा, पेट्रोलचं तर पेट्रोलचं, पण औंदा उडवा. पुढच्या साली त्यास्नी दिसंल का न्हाय, कुणाला ठावं."

मी सांगितलं. बापूने सांगितलं. पेट्रोलवाले आणि वीजवाले दोघांनी मिळून सांगितलं. चाचा कुणाचं ऐकतात? त्यांचा एक भाचा दुबईला होता. तिकडे हलक्या वजनाच्या नव्या बॅटऱ्या मिळतात, तो येताना घेऊन येणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आम्ही सगळे त्या भाच्याची वाट बघत बसलो. माझ्या सख्ख्या भावाची मी कधी एवढी वाट बघितली नाही. तो आला तो टेपरेकॉर्डर घेऊन. बॅटऱ्या राहून गेल्या म्हणाला, पुढच्या खेपेला नक्की आणतो. गल्लीने तो टेपरेकॉर्डर आठवडाभर वाजवला. चाचा तेवढा आठवडा दुकान लवकर बंद करून घरी जात होते.

गणपती झाले, पाऊस उघडला आणि एका सकाळी चाचा बापूच्या दारात जाऊन बसले. म्हणाले, "तुझं ते फटफटणारं आण. पर सायलेन्सर पायजे." बापूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पेट्रोलच्या वासावर ढकललं. पुढे कितीतरी दिवस तो एकच सायलेन्सर करत होता. तीन केले, तिन्ही चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर लावून नापास केले. चौथा कसाबसा पास झाला.

पंख नवे केले ते अण्णा सुताराने. अण्णा फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करायचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी वेगळी असते, तिचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित मोठा. अण्णाने एक पंख साध्या पट्टीने केला आणि दुसऱ्याला सवयीने आपली फाउंड्रीची पट्टी लावली. आम्हा डोळसांच्या ध्यानातच आलं नाही. चाचांनी दोन्ही पंखांवरून हात फिरवला आणि थांबले. एक पंख अंगठ्याभर लांब होता.

अण्णा कानकोंडा झाला. दुसरा करून देतो म्हणाला. चाचांनी दोन्ही पंखांची टोकं पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाले, ऱ्हाऊ दे. लांब पंखाची बाजू उचलली जाणार, म्हणजे विमान दुसऱ्या बाजूला वळत गोल फिरत राहील. "सरळ गेलं तर गेलंच. गोल फिरलं तर परत परत आपल्यापाशी यील." विमानाला ना दोरी होती, ना रेडिओ. एकदा सोडलं की आपल्या हातात काही राहणार नव्हतं. पेट्रोल संपेपर्यंत वर, मग खाली. त्यामुळे अण्णाची ती चूक आम्हाला देवाने धाडल्यासारखी वाटली.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. त्या सोमवारी आम्ही टेम्पो करून उजळाईवाडीच्या माळावर गेलो. चाचा, चाची, बापू, अण्णा आणि मी. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. माळाच्या उताराला सगळा ऊस, माणूसभर वर गेलेला. बापूने इंजिन चालू केलं, सायलेन्सरमुळे ते खालच्या आवाजात घुरघुरत होतं. बापू अभिमानाने चाचांकडे बघत राहिला.

चाचा विमान धरून उभे होते. ते म्हणाले, "बापू, सायलेन्सर काढ."

बापूला वाटलं वजनासाठी म्हणतात. तो म्हणाला, चाचा, वजन काही फार नाही, आणि एवढ्या खटपटीने केलाय. चाचांनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी हळू. ते बोलत होते बापूशी आणि तोंड होतं अण्णाकडे. तेव्हा आमच्या लक्षात आलं. चाचीने पदराने तोंड झाकलं. हा माणूस आपल्याला किती कमी दिसतंय ते महिनोन्महिने आमच्यापासून लपवत होता. आम्ही रोज त्याच्यासोबत चहा घेत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

बापूने इंजिन बंद केलं. पाना घेतला आणि सायलेन्सर उतरवला. उतरवताना नट दोनदा गवतात पडला.

मग विमान सोडलं. काय तो आवाज! लाह्या कसल्या, फटाक्यांची माळच. पण ते वर गेलं. धावलं, उड्या मारल्या, आणि जमीन सोडली ती सोडलीच. एवढ्या वर्षांनी चाचांची वस्तू वर गेली होती. अण्णाचा लांब पंख आपलं काम करत होता. विमान वळायचं, उसाकडे जायचं, पुन्हा माळावर यायचं. चाचा जागच्या जागी फिरत होते. आवाज जिकडे, तिकडे तोंड. विमान पुढे आणि त्यांचं तोंड जरासं मागे. तोंडावर असं हसू की मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी वर बघत राहिलो.

चांगले उंच गेल्यावर पेट्रोल संपलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

आणि मंडळी, खरं विमान मी बघितलं ते त्यानंतर. ते पडलं नाही. पंख पसरून तसंच तरंगत राहिलं, जराही आवाज न करता. एक संथ फेरा घेऊन आमच्यावरून गेलं. त्याची सावली माळावरून आली, चाचांच्या पांढऱ्या टोपीवरून सरकली आणि पुढे गेली. चाचा खाली मान घालून उभे होते.

"पडलं का?" त्यांनी विचारलं.

बापू अजून वरच बघत होता. मी म्हणालो, "न्हाय चाचा. अजून वर हाय. डोक्यावरनं गेलं आत्ता. काय बी आवाज न करता चाललंय."

"असू दे," चाचा म्हणाले. "कशापायी खोटं बोलताय."

मी शपथ घेतली. अण्णाने घेतली. चाचा मान हलवत होते, लहान पोरांची समजूत काढावी तशी. उलट आमचीच. विमान तोवर उतार ओलांडून उसावर गेलं, हळूहळू खाली झालं आणि तुऱ्यांआड दिसेनासं झालं. ते टेकल्याचा आवाजही आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, इतका वेळ ते वर होतं हे तरी चाचांना पटलं असतं.

आम्ही तासभर उसात शिरून शोधलं. पानांनी हात कापले, चिखलात चपला गेल्या. रानमालक बांधावरून ओरडला, "पावणं, ऊस मोडू नगासा." शेवटी बाहेर आलो. चाचा टेम्पोत पुढे बसून होते. परतताना एवढंच म्हणाले, की बापू, तुझं इंजिन झ्याक हाय.

त्यानंतर त्यांनी विमानाचा विषय काढला नाही. दुकान बंद केलं आणि लेकीकडे कागलला राहायला गेले. थंडीत न्यूमोनिया झाला आणि चारआठ दिवसांत गेले. आम्ही मातीला गेलो होतो.

ऊसतोड आली ती त्यांच्यानंतर. रानमालक सायकलवर विमान बांधून उद्यमनगरात विचारत विचारत आला. कापड उंदरांनी खाल्लं होतं, इंजिनावर गंज होता. बापूने पुढचा पंखा हातात घेतला. अण्णानेच तासलेला, सागाचा. पाती कडेने इतकी पातळ की विमान नाकावर आपटलं असतं तर पहिली तीच मोडली असती. त्यांचा साधा टवकासुद्धा उडाला नव्हता. विमान अलगद टेकलं होतं, आणि हे चाचांना डोळे नसताना नुसता हात फिरवून कळलं असतं.

पुढच्या सोमवारी बापू आणि मी तो पंखा घेऊन कागलला गेलो. चाचीने पाणी दिलं. बापूने पंखा तिच्या हातात ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. तिने पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"म्हंजे तुमी खरं सांगत हुता?" ती म्हणाली. "ते म्हणायचे, माणसं लई चांगली हायत. मला बरं वाटावं म्हणून सगळी मिळून खोटं बोलली."

बापूने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. खुंटीला चाचांची टोपी होती आणि खाली फळीवर तो लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. चाचीने पंखा त्याच्या शेजारी ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.