गोधड्या आणि दौंडचे पाहुणे

आमच्याकडे गोधड्या धुणं हा सणच असतो, फक्त त्याची सुट्टी मिळत नाही. एरवी आई घट बसायच्या आधी हे काम उरकते. त्या वर्षी दसरा झाला तरी पाऊस हटेना, म्हणून ते दिवाळीच्या तोंडावर आलं. मी तेव्हा कारेगावच्या एका कंपनीत नवा नवा सुपरवायझर झालो होतो. (हाताखाली दोन माणसं, त्यातला एक कायम रजेवर.)

नदीवर गोधड्या आपटून झाल्या. आई म्हणाली, "हितंच वाळूवर पसर."

"वाळूवर दिवस जाईल. सिस्टीमनं करू," असं म्हणून मी सगळ्या गोधड्या मोटारसायकलवरून आमच्या तळेगावात आणल्या आणि घरामागच्या कुंपणावर पसरल्या. कुंपणावरच्या वेलाला सोनेरी लव असलेल्या शेंगा लटकत होत्या. मला त्या शोभिवंत वाटल्या. गोधड्या खडखडीत वाळल्या. घरात चिवड्याचा वास, अंगणात कोवळं ऊन, नुकती पडू लागलेली थंडी. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीला, मंगलला, बघायला दौंडहून मुलगा आणि त्याचे मामा आले. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यांच्यासाठी त्याच गोधड्या अंथरल्या.

ऊस, पाऊस, मुलाची रेल्वेतली नोकरी, अशी बोलणी रंगली. मग मामांनी मांडी खाजवली. मुलगा हळूच भिंतीला पाठ घासू लागला. आबा यजमान असल्यामुळं नुसतेच वळवळत होते.

आईनं मला आत ओढलं. "पाव्हण्यांना खरूज हाय का रं? न्हाई द्यायची तिथं पोरगी."

"प्रवासात घाम आला असंल," मी मान खाजवत म्हणालो.

आई माझ्या मानेकडं बघत राहिली. "गोधड्या कुठं वाळत घातल्या व्हत्या?"

"कुंपणावर."

"त्या शेंगांवर?"

"सगळ्या न्हाई."

"आरं, खाजकुयली हाय ती!"

बाहेर मामा उठले होते. "आबा, घरात कुणाला आजार असंल तर स्पष्ट सांगा. आम्ही निघतो."

आता सोयरीक मोडणार, हे दिसताच मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही कंपनीत सुपरवायझर न्हवं?"

"व्हय."

"मग बरोबर हाय," म्हणून ते परत बसले. (गोधडी सोडून.)

खाजकुयलीवर आमच्याकडे एकच औषध, शेण. नवरदेव इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून गोठ्यात उभा राहिला आणि कोपरापर्यंत शेण चोळू लागला. मंगल हातावर पाणी घालायला गेली.

"तुमच्यात सगळ्या पाव्हण्यांचं असंच करत्यात का?" त्यानं विचारलं.

"न्हाई, फक्त जावयाचं," मंगल बोलून गेली, मग जीभ चावून तांब्या तिथंच टाकून आत पळाली. तो शेणाच्या हातांनी हसत उभा.

जाताना मामा म्हणाले, "पोरगी पसंत हाय. रुखवतात गोधडी तेवढी देऊ नका."

लग्नात घरातल्या प्रत्येकाला काही ना काही काम होतं. मला आईनं मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून दिली आणि म्हणाली, "तू हितं बसून सुपरवायझरी कर. कशाला हात लावू नको."