मोहाच्या झाडाखालचा खेळ

निकेश गुरनुले मूल गावच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करतो. फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, पाण्यात पडलेले फोन. रोवणीच्या दिवसांत पाण्यात पडलेले जास्त, कारण बाया फोन कमरेला खोचूनच धानाच्या बांधीत उतरतात. हाताला काम नसलं की तो कॉम्प्युटरवरचे खेळ खेळतो आणि खेळ कसा आहे ते यूट्यूबवर सांगतो. धाडधाड गोळ्या मारायचे खेळ त्याला चालत नाहीत. आपण दुसऱ्या कोणाचं सोंग घ्यायचं, त्याच्या पायानं चालायचं, कोणाला वाचवायचं अन कोणाला सोडायचं ते ठरवायचं, असे रोल-प्लेइंग गेम त्याला लागतात. बोलतो आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत. खाली कोणी लिहितं, ‘ही कुठली मराठी?’ निकेश उत्तर देतो, ‘तुह्या आजीले विचार.’

पाहणारे थोडेच, पण टिकून आहेत. त्याला कारण निकेशचा आजा, दादाजी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटक होतं, आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्या नाटकाची चिरफाड होते. तिथं पडद्याची अन लायटिंगची तारीफ केली तर लोक हसतात. दादाजी बिडी विझवून एकच विचारायचा, “त्या बापानं पोरीले घराबाहेर काढलं. त्याले दुसरं काई करता आलं असतं का गा? आलं असतं, तं नाटक खोटं.”

निकेशनं हेच माप खेळांना लावलं. “झाडं किती हिरवी हायेत थे जाहिरातीत पाहा,” तो सांगायचा. “मी सांगीन, ज्याचं सोंग घेतलं त्याले काय करता येत नाई. त्याले जिंदगीत जमलं नसतं थे खेळ तुमाले करू देत असन, तं थो तुमाले गुदगुल्या करून राह्यला.”

अंकुश कोडापे त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. अंकुशचं गाव जंगलाला चिकटून. आईबाप धान पिकवायचे आणि उन्हाळा लागला की मोहफुलं वेचायचे. अंकुश शिकला, नागपूरला कंपनीत लागला. चार सालांआधी चैतात त्याची माय मंगली मोहाखाली वाकलेली असताना वाघानं नेली. जे सापडलं ते धानाच्या रिकाम्या चुंगडीत भरून घरी आणलं.

पुढं गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. उजाडायच्या आधी काऊन गेली? मान वर करून काऊन नाई पाह्यलं? मेलेल्या बाईला प्रश्न विचारणं सोपं असतं. ती उलटून शिवी देत नाही. अंकुशचा बाप लच्छू तेवढा असं बोलणाऱ्याच्या अंगावर काठी घेऊन धावायचा.

यंदा होळीला गावी येऊन राहिलेला अंकुश, सण आटोपल्यावर लॅपटॉप घेऊन दुकानात आला. त्यानं एकट्यानं खेळ तयार केला होता आणि हैदराबादला खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा होता, तिथं तो मांडायचा होता. सोबत निकेशचा व्हिडिओ लावायचा होता.

“खेळून पाह्य. मंग मोकळ्या मनानं बोल,” तो म्हणाला आणि खेळाची एक कॉपी निकेशच्या लॅपटॉपमध्येही टाकून दिली.

खेळात आपण मंगली. डोक्यावर टोपली, पहाटेची वाट, झाडाखाली जाळून साफ केलेली काळी जागा आणि तिच्यावर पडलेली पिवळी फुलं. निकेशच्या नाकात वासच आला. तो वाकून वेचू लागला. मागचं गवत हललं आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा काळा. मग त्याला खुबी सापडली. चार फुलं उचलायची, ताठ उभं राहायचं, मागं वळायचं, मग पुढची चार. असं केलं की वाघ येतच नाही. टोपलीही भरते. मंगली घरी पोचली, दारात लच्छूनं टोपली उतरवून घेतली.

अंकुशचे डोळे भरले होते. “जमलं ना बे तुले.”

निकेश पडद्यावरच्या भरल्या टोपलीकडं पाहत राहिला.

“बाबाले दाखवला,” अंकुश म्हणाला. “रोज मले म्हनते, लाव. दोन घास जास्त जेवते बे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेश अंकुशच्या गावी गेला, जरा जंगल पाहून येतो म्हणून. शिवारात शिरताच ओरडणं ऐकू आलं. मोहाखाली बाया वाकल्या होत्या आणि लच्छू काठी आपटत मधोमध फिरत होता.

“उभी राह्य! चार झाली, उभी राह्य! मांगं पाह्य!”

मंगलीच्या वेळी शेजारच्या झाडाखाली होती ती कलाबाई कमरेवर हात ठेवून उठली. “लच्छूभाऊ, असं वेचलं तं टोपली दिवाळीले भरन. ऊन चढलं का फूल सुकते, गाई खाऊन जाते. तुमी घरी जा ना.”

“घरी जा म्हनते! पोरानं कंप्युटरवर काढून दाखवलं. मान वर केली असती तं वाचली असती माही बायको. नाई केली. कामाची हावरट होती.”

कोणीतरी हसलं, कोणीतरी डोक्याशी बोट नेऊन ‘बुढा बह्याडला’ म्हणालं. निकेश उभा राहिला. चार सालं जो या बोलण्यावर काठी उगारत होता, तो आज तीच काठी आपटून तेच बोलत होता.

परतताना त्यानं अंकुशला रस्त्यातच धरलं.

“मोहा उभ्यानं वेचता येते का रे?”

“मले शिकवू नोको. माह्या मायनं मले झोळीत टांगून वेचला.”

“मंग खेळात टोपली कशी भरते?”

“नाई भरली तं जिंकताच येत नाई.”

“नाईच येत.”

अंकुशनं तोंड फिरवलं. “एवढंच सांग, चांगला हाय का वाईट?”

“चांगला हाय. म्हनूनच लोकं मानतीन. मानतीन का मंगलीकाकूचीच चूक झाली.”

“तू थे बोलू नोको. बाकी काईबी बोल.”

“थेच बोलाचं हाय. बाकी थे जाहिरातीत येते.”

“मंग व्हिडिओच नोको करू,” अंकुश म्हणाला. “बाबाच्या तोंडचा घास काढू नोको.”

निकेशनं दुकान उघडलं, दोन फोन दुरुस्त केले, एकाचा स्क्रू हरवला म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. व्हिडिओ नाही केला तर खेळ तसाच जाणार, शहरातले लोक चार-चार फुलं वेचून जिंकणार आणि जिवंत राहायला काय करायचं ते मंगलीला कळलं नाही, असं समजून घरी जाणार. लच्छूही झाडाखाली ओरडत राहणार. व्हिडिओ केला तर दोस्त जाणार. दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं आणि बोलून टाकलं.

“ह्या खेळात जंगल खरं हाय. बाई खरी हाय. वाघबी खरा हाय. पन ह्या खेळात बाई वाचू शकते, थे खरं नाई. मोहा वाकूनच वेचा लागते, अन वाकलेला मानूस वाघाले जनावर दिसते. ज्या बाईवर हा खेळ बनला तिले मी वळखत होतो. तिनं काई चुकवलं नाई. बनवणाऱ्यानं मायेपोटी तिले वाचवलं, अन वाचवता वाचवता तिलेच गुन्हेगार केलं. खेळा. पन हरा. हराल तं तिच्याजवळ जाल.”

अंकुशनं फोन उचलणं बंद केलं. तो व्हिडिओ न लावता, खेळ तसाच घेऊन हैदराबादला गेला. तिथं लोक जिंकले की टाळ्या वाजवत होते, असं निकेशनं कोणाच्या तरी फोटोखाली वाचलं. व्हिडिओखाली पहिली कमेंट आली, ‘गेम हार्ड है क्या भाई?’

नंतरच्या बाजाराच्या दिवशी, ऐन उन्हात, लच्छू एसटीतून उतरून दुकानात आला. डोक्याला दुपट्टा, पायात अंकुशचे जुने बूट.

“शेजारच्या पत्रूच्या पोरानं फोनवर ऐकवलं तुह्यं बोलनं,” तो स्टुलावर बसत म्हणाला. “तुह्याजवळ हाय का थो खेळ?”

“हाय काका.”

“मले आजवर पोरानं चार-चार वेचून ती घरी येते तेवढंच दाखवलं. आता ती जशी वेचे तशी वेच.”

निकेशनं खेळ लावला. मंगली वाकली.

“एवढं हळू नाई. तिचा हात जल्दी चाले.” लच्छू पडद्याजवळ सरकला. “हां. असा. आता दुसरा हात.”

चारची गिनती सोडून वेचलं तशी टोपली भरत आली. निकेशनं तिला उभं केलं, मागं पाहिलं. पुन्हा वाकवलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पाहिलं. गवत गप्प होतं. ती वाकली आणि पडदा काळा झाला.

पंखा कुरकुरत राहिला. बाहेर कंडक्टर ‘चांदा, चांदा’ ओरडत होता.

“मान वर केली होती तिनं,” लच्छू म्हणाला.

“केली काका. दोन बार.”

“तरीबी.”

“तरीबी.”

“मी बाजूले ओरडत असतो तं, तरीबी?”

निकेशनं पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडं पाहिलं. “तरीबी.”

म्हाताऱ्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, नुसतं तोंड पुसावं तसं. त्यानं पाणी मागितलं, उभ्यानं प्याला, ग्लास जागेवर ठेवला.

“बायकोले मी लय बोललो ह्या महिन्यात,” तो म्हणाला. “सगळ्या गावासमोर बोललो.”

निकेशनं लॅपटॉप मिटला.

“अंकुशले नोको सांगू मी पाह्यलं म्हनून,” लच्छू दाराशी जाऊन म्हणाला. “त्यानं लय मेहनतीनं वाचवली तिले. थो आला का मी म्हनीन, लाव बेटा. अन जेवून घेईन.”

आणि तो उन्हात उतरून गावच्या गाडीकडं गेला.