चाळीस गॅलन

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, एप्रिलमधल्या एका सकाळी, कलकत्त्याहून चांद्याला आलेलं एक खाजगी विमान तिथे न उतरता नागपूरकडे वळलं आणि भद्रावतीच्या अलीकडे जंगलात कोसळलं. वैमानिक आणि शिकारीला निघालेले दोन पाहुणे मरण पावले. आग लागली नाही. टाक्या कोरड्या होत्या.

चांद्याच्या धावपट्टीवरच्या माणसाने धुराची सूचना दिली नाही, असं मी बातमीत लिहिलं. विमान ज्या खाणकंपनीचं, तिच्या चांद्याच्या मॅनेजरने तसं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तो माणूस नागपूरला आमच्या कचेरीत आला. खाकी सदरा, हातात खुणा केलेली बांबूची काठी आणि तारेची पावती. ते महादू कुमरे.

कुमरे एटापल्लीकडचे गोंड. लढाईच्या काळात विमानतळावर पेट्रोल भरायला होते, तिथेच आकडेमोड शिकले. कलकत्त्याच्या खाणमालकाने चांद्याजवळ धावपट्टी केली तेव्हा तिची देखरेख त्यांच्याकडे आली. टाकीत काठी बुडवून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही विमान सोडलं नाही. वैमानिक पेट्रोलच्या काट्याकडे बोट दाखवून हसे. "काटा काय सांगते ते काट्याले ठाऊक," कुमरे म्हणत, "मले ओली काठी दाखवा."

चांद्याला उतरता आलं नाही तर नागपूर, हे ठरलेलं होतं. तिथवरचं पेट्रोल कधी लागेल ते कुमरे बाजारात विचारत. मोहफुलं गळायला लागली की गावोगावी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचता येतात. सकाळी वारा नसतो. तो धूर नऊ-दहापर्यंत जमिनीलगत बसतो आणि वरून पट्टी दिसत नाही. बाजाराला येणाऱ्या आसपासच्या गावांतल्या बायांना मोह कुठवर आला ते विचारून कुमरे कलकत्त्याला तार करत: धूर आहे, दहानंतर पोचा, चाळीस गॅलन जास्त ठेवा.

त्या वेळीही तार गेली होती. पावतीवर आदल्या दुपारची वेळ होती. तासाभराने मॅनेजरने दुसरी तार केली, पट्टी मोकळी आहे. पाहुण्यांना सकाळच्या हाक्याला, रान उठवून होणाऱ्या शिकारीला, पोचायचं होतं, आणि चाळीस गॅलनच्या वजनात त्यांच्या बंदुका आणि खोकी बसत होती. हे मला चांद्याच्या तारमास्तरांनी सांगितलं. लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत.

चौकशीत मॅनेजर कुमऱ्यांना म्हणाला, "तुम्हीच लोक जंगल जाळता आणि तुम्हीच तारा करता."

"जंगल नाई सायेब, मोहाखालचा पाला," कुमरे म्हणाले. "आन् तार मी केली. तुमी काऊन दुसरी केली?"

हा प्रश्न नोंदीत घेतला गेला नाही. पावती चौकशीशी संबंधित नाही म्हणून परत मिळाली. कुमऱ्यांना काढून टाकण्यात आलं. मी दुरुस्ती लिहून संपादकांकडे दिली. ती छापली गेली नाही.

पावसाळ्याआधी कंपनीने वैमानिकांसाठी छापील सूचना काढली. तिच्यात मोहाचा हंगाम होता, सकाळचा धूर होता, दहानंतर उतरणं होतं, नागपूरसाठी जादा पेट्रोल होतं. खाली मॅनेजरची सही. एक प्रत मिळाली ती घेऊन मी एटापल्लीला गेलो. कुमरे अंगणात टोपली विणत होते. त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. नाव कुणाचं आहे ते विचारलं नाही.

"गॅलन किती लिवले?"

"पंचवीस."

"पंचविसात नागपूर येते. तिथी दुसरं विमान उतरून राह्यलं असंन तं? वर फिराले काय ठेवलं?" त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "त्यायले सांगा भाऊ, चाळीस पाह्यजे."

मी मॅनेजरला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीची सूचनाही माझ्याकडे आहे. तिच्यात पंचवीसच आहे.