सासूबाईंच्या बंदराचा नारळ

मी नाशिकचा. पाणी एकाच दिशेने जातं, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक. तरी सासूबाईंच्या माहेरच्या बंदराचा इतिहास लिहायला बसलो. निवृत्त माणसाला घरात रिकामं कोण बसू देतं?

पहिल्याच पानावर मी भर आषाढात परदेशी गलबतं धक्क्याला लावली. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना ते पान वाचून दाखवलं.

"आषाढात? बुडवलीत की हो सगळी, जावईबापू! पावसाळ्यात बंदर बंद. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी हलत नाही."

तेव्हापासून मी गलबतं बुडवतोय आणि वर काढतोय. दमलो. शेवटचं प्रकरण तर हातूनच होत नाही. खाडी गाळाने भरली, गलबतं यायची थांबली, इथवर आलं की ऐकता ऐकता त्या तोंड फिरवतात.

पण बंदराचा नारळ त्यांनी कधी चुकवला नव्हता. यंदा डॉक्टरांनी घाट उतरायला मनाई केली आणि त्यांनी जेवणच टाकलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी तोड काढली: गंगेवर जाऊ. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

रिक्षाने तपोवनाकडे नेलं. पावसाने उघडीप दिली होती. नारळ छातीशी धरून त्यांनी विचारलं, "हा आमच्या बंदरात पोचेल ना?"

"आई, नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात," मी इतिहासकाराच्या थाटात.

त्यांना आता धड दिसत नाही. पण पाण्यात हात घालून म्हणाल्या, "मावळतीचं ऊन पाठीला लागतंय आणि पाणी पुढे चाललंय. अहो, ही तर पूर्वेला निघाली! माझा नारळ भलत्याच समुद्राला?"

नारळ पिशवीत गेला, पिशवी माझ्या हातात आली.

पहाटेची एसटी पकडली. ती घाटात बंद पडली. दुसरीत उभ्याने आलो. बंदरावर पोचलो तेव्हा मिरवणूक आटोपली होती आणि समोर नुसता चिखल.

फोन लावला. "आई, इथे पाणीच नाही हो."

"दुपारची भरती घालवलीत ना? येईल परत. बसा."

कंबर धरली होती. नारळ मांडीवर घेऊन धक्क्यावर बसलो.

"चिखलाचा वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

मग हळूच म्हणाल्या, "फोन ठेवू नका. राहू द्या तसाच."