श्वश्रूदत्त वांगी आणि सांडशी

अखिललातूरपरसबागसार्वभौम, शाकचक्रवर्ती, एकवाफाधिपती असा मी समस्त मित्रमंडळास भयकंपित अंतःकरणाने निवेदन करतो.

आज प्रातःकाळी मी लाकडी पट्ट्यांना टोके काढली, त्यांवर लाल रंगाने नावे लिहिली आणि वांग्याच्या रोपांशेजारी रोवली. भरिताच्या वांग्यांस ‘भर्जनीय’ आणि निलंग्याच्या सासूबाईंनी दिलेल्या वाणास ‘श्वश्रूदत्त’. त्या वाणाचे बी आता सासूबाईंकडेही शिल्लक नाही. म्हणूनच सौभाग्यवतींनी माहेरी जाताना बजावले होते, “रोपं मिसळू देऊ नका.”

दुपारी मी बाजारातून परतलो, तर एकही पट्टी जागेवर नव्हती. शेजारच्या मावशी धापा टाकत आल्या.

“अवो सर, लाल अक्षराच्या खुट्ट्या पुरल्या होत्या की तुमच्या वाफ्यात! करणी हाय म्हनून समद्या उपटून घंटागाडीत टाकल्या.”

“मावशी, ती वांग्यांची नावे होती.”

“मग वांगं म्हनून लिहायचं की वो!”

पट्ट्यांच्या भरवशावर मी रोपांचा क्रम लक्षात ठेवला नव्हता; आता सर्व रोपे तंतोतंत सारखी दिसत आहेत आणि सौभाग्यवती सायंकाळच्या एसटीने येत आहेत. वांग्याच्या कोवळ्या रोपाचा वाण पानांवरून ओळखता येतो का? जाणकारांनी त्वरित कळवावे.

शिवाय, करणीला हात लागू नये म्हणून मावशींनी पट्ट्या परसात वाळत ठेवलेल्या आमच्याच सांडशीने उपटल्या आणि तीही घंटागाडीत टाकली. चहाचे पातेले उतरवायचे कशाने?