रविवारचा फोन आणि माझा गुडघा

फुटबॉल खेळताना माझा पाय दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा माझ्या आसपास कुणीसुद्धा नव्हतं. धक्का न्हाई, खड्डा न्हाई, कुणाची टाच न्हाई. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून दोन कोसांवर; मुंबईतलं गोरेगाव न्हाई. तिकडं कबड्डी चालते, क्रिकेट चालतं. फुटबॉल मला हिंगोलीच्या वसतिगृहात भेटला. बा अधूनमधून बाजाराला यायचा, मैदानाच्या कडेला उकिडवा बसायचा. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण उठताना बराबर विचारायचा, "आज चेंडू कमी घावला तुला. काहून?"

नव्वदचं दशक संपता संपता मुंबईतल्या एका कंपनीच्या टीमनं मला कंत्राटावर घेतलं. खेळायचाच पगार! गावानं विहारासमोर सत्कार केला. मुंबईत मात्र एका खोलीत आम्ही चौघं, चौघांच्या चार भाषा. मी 'काहून' म्हटलं की बाकीचे दात काढायचे. मग मी बोलणंच कमी केलं. आठवडाभर तोंडात साठलेलं रविवारी दहा वाजता बाहेर पडायचं, गोरेगावच्या एसटीडी बूथवर फोन लागला की. माय अन् बा तिथं नऊपासूनच येऊन बसलेले असायचे. बा फोनवर इतका मोठ्यानं बोलायचा की मी रिसीव्हर कानापासून लांब धरायचो.

पहिल्या वर्षी एका रविवारी मायनं सांगितलं, माझ्या बहिणीची सोयरीक मोडली. सोमवारी सकाळी सरावात मी नुसता वळलो आणि घोटा मुरगळला. टीमच्या डॉक्टरांनी पाय दाबत विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" मी चाटच पडलो. ते म्हणाले, मन दुसरीकडं असलं की पाय उशिरा वळतो, अंग ताठ राहतं. खरं की खोटं, मला काय माहीत. पण मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं.

पुढच्या रविवारी मी ऐटीत सांगून टाकलं, "खेळाच्या दिवसांत वाईट काही कळवत जाऊ नका. डोक्याला तकलीफ झाली की पायाला होते."

बा फोनवर खो खो हसला. "डोक्यातलं पायात कसं उतरल रे, येड्या?"

मायनं मात्र ते गाठीला बांधलं. तेव्हापासून दर रविवारी एकच. पाऊस कसा हाय? बराबर. म्हैस? बराबर. सगळं बराबर हाय, तू खेळ. मला वाईट काही सांगायचं न्हाई म्हणता म्हणता त्यांनी मला काही सांगायचंच सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बा बूथवर यायचा थांबला.

"रानात गेलेत," माय म्हणाली. पुढच्या रविवारीही रानात. त्याच्या पुढच्याही. बा रविवारचा फोन सोडून रानात जाईल? पण विचारायचं कसं? नियम मीच घातलेला. चौथ्या आठवड्यात सरावाला तेच डोक्यात घेऊन पळत होतो. वळलो, गुडघ्यात कट्‌ आवाज झाला आणि मी खाली.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मॅनेजर म्हणाले, "दोन महिने काही काम नाही, गावाकडं जाऊन ये." मी न्हाई म्हटलं. सत्कार झालेलं पोरगं कुबड्यांवर जीपमधून उतरणार? सात आठवडे खोलीत पडून राहिलो. सोबतचे खेळायला जायचे; भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू यायची. जेवणाचा डबा आणणाऱ्याशी दोन शब्द व्हायचे, तेवढेच. रविवारी कुबड्यांवर नाक्यापर्यंत जायचो आणि फोनवर हसून सांगायचो, "बराबर हाय. कालच खेळलो."

"बा?"

"रानात."

आठव्या रविवारी बूथवर माय आलीच न्हाई. बूथवाला म्हणाला, "तुमी या एकदा." एवढंच. मी त्याच दिवशी गाडी धरली.

अंगणात माझ्या कुबड्या बघून मायच्या हातातलं भांडं पडलं. "अगं माय! हे कवा झालं रं?" मी आत बघून राहिलो होतो. बाजेवर बा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं.

दिवाळीनंतर त्याचा उजवा पाय गेला होता. लकवा. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यातली नस बंद पडली म्हणून पाय गेला. माय म्हणाली, घरी आल्यावर बा बाजेवर टेकला. मग म्हणाला, "पोरगं खरं बोलत व्हतं. त्याला सांगू नका, त्याचा पाय वाकडा पडल."

तेव्हा त्याला बोलता येत होतं. अडीच महिने तो चांगला बोलत होता. रोज माझंच काढायचा म्हणे, चेंडू घावत असल का त्याला? दुसरा झटका मी पोचायच्या तीन दिवस आधी आला आणि वाचा घेऊन गेला. आणि ते सात आठवडे मी काय करत होतो? रिकामा बसलो होतो! कुणी अडवलं नव्हतं मला.

मी बाजेवर त्याच्याजवळ बसलो. त्यानं प्लास्टरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डावा हात उचलला आणि प्लास्टरवर जोरात मारला. एकदाच. त्याला मी खोटं बोललो ते कळलं होतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, त्याच्याही, माझ्याही.

मुंबईला मी परत गेलो न्हाई. बा अजून चार वर्षं जगला. रोज संध्याकाळी त्याच्या बाजेशी बसून मी सगळं सांगायचो. मोडलेल्या सोयरिकीपायी मुरगळलेला घोटा, त्या साली मेलेली म्हैस, मुंबईच्या खोलीतला एकटेपणा, वाईट असेल ते आधी. तो ऐकायचा. उत्तर एकदाही आलं न्हाई.