बाण खाणाऱ्याकडे जातो

मंडळी, आज सकाळी पणती अन्नसाखळीचा तक्ता घेऊन आली. ज्वारी, उंदीर, साप अशी चित्रं, मध्ये बाण काढायचे होते. साप उंदराकडे जातो, म्हणून मी बाण उंदराकडे काढला.

"पणजोबा, चुकलं. बाण खाणाऱ्याकडे जातो. ऊर्जा तिकडे जाते ना."

मी पेन्सिल तिच्या हातात दिली.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, मी सात वर्षांचा. पारनेरकडे आमची कोरडवाहू ज्वारी. त्या साली पीक थोडंच आलं, त्यातली कणसं उंदरांनी बिळात नेली. काढणी झाल्यावर आई, थोरली आक्का आणि मी बिळं उकरायला जायचो. आई प्रत्येक बिळात दोन कणसं परत ठेवायची. म्हणायची, "त्येलाबी पोरं हायेत."

एका बिळात आक्काने हात घातला. उंदरामागं साप आधीच आत गेला होता. दुपारपर्यंत आक्का गेली.

तिच्या ओच्यातली कणसं घरात तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी आईने ती बडवली, दळली, भाकरी केली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मला भूक लागली होती.

तक्ता अजून समोर आहे. पणतीने माझा बाण खोडून नीट केलाय. ज्वारीकडून उंदराकडे, उंदराकडून सापाकडे. त्यात आक्का नाही, मीही नाही.

एक बाण माझ्याकडे यायला हवा. तुम्हीच सांगा, तो कुणापासून काढू?